सत्तरच्या रस्त्यावर पस्तीसने: नेवाडा, सासूबाई आणि मी

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी समीरने लॅपटॉपमधून डोकं वर काढून सांगितलं, "सॉफ्टवेअरचं रिलीज पुढे सरकून नेमकं याच आठवड्यात आलंय. मला नाही जमणार. आपण कॅन्सल करू."

ट्रिप त्याच्या आईसाठी होती. आई अमरावतीला तीस वर्षं भूगोल शिकवत होत्या. वाळवंट या विषयावर त्यांनी हजारो मुलांचे पेपर तपासले, पण वाळवंट काही पाहिलं नव्हतं. म्हणून मी नेवाडातल्या हायवे पन्नासचा बेत केला होता. या रस्त्याला 'अमेरिकेतला सर्वांत एकाकी रस्ता' म्हणतात आणि तशा पाट्याही लावल्यात.

समीर 'कॅन्सल' म्हणाला तेव्हा आई तिखटमिठाच्या पुऱ्या डब्यात भरत होत्या. त्यांचा हात थांबला. डब्याचं झाकण त्यांनी उघडंच ठेवलं. क्युपर्टिनोला येऊन त्यांना चार महिने झाले होते आणि एव्हाना हे असं न बोलणं मला ओळखू यायला लागलं होतं.

"आम्ही दोघी जातो," मी म्हणाले. म्हटल्यावर माझ्या लक्षात आलं, की आम्ही दोघी आजवर सलग दोन तासही एकट्या बसलेलो नाही. आता चार दिवस.

पहिला दिवस साडेपाच-सहा तासांचा. सकाळी सातला निघून सिएराचे डोंगर ओलांडले आणि चहा-पुऱ्यांसाठी दोनदा थांबत दुपारी फॅलनला पोचलो. हे जरा मोठं गाव आहे. पेट्रोल, पाणी, केळी, दही जे काय घ्यायचं ते इथेच घ्या, पुढे सगळं महाग आहे किंवा मुळातच नाही. मोटेल साधं पण स्वच्छ होतं, आणि रूममध्ये मायक्रोवेव्ह असल्याने आईंचा खिचडीचा हट्ट पुरा झाला. नकाशा फोनवर डाऊनलोड करून ठेवा. गावाबाहेर नेटवर्क जातं ते जातंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी फॅलनपासून पंचवीसेक मैलांवर रस्त्याच्या कडेला पांढरीशुभ्र मिठाची जमीन लागली. तिथे येणारेजाणारे काळे दगड मांडून आपापली नावं लिहितात. मैलभर नुसती नावं आणि बदाम.

"थांब, थांब!" आई ओरडल्या. "मला अमरावती लिहायचंय."

इंग्रजीत लिहू, पटकन होईल, असं मी सुचवलं. त्यांनी माझ्याकडे नापास झालेल्या मुलीकडे बघावं तसं बघितलं. मग उन्हात पाऊण तास आम्ही देवनागरी मांडत होतो. 'ती'ची वेलांटी दीर्घ दिसत नाही म्हणून दोनदा मोडली. शेवटी शिरोरेघ राहिली.

"असू दे ना आई, शिरोरेघेशिवाय कळतंय."

"कळतंय गं. पण अर्धा मार्क जातो."

त्या अर्ध्या मार्कासाठी मी एक मोठा दगड उचलला, मिठाच्या पापुद्र्यात पाय गेला, घोटा वळला आणि मी दगडासकट बसले. उजवा पाय. ॲक्सिलरेटरचा.

दहा मिनिटांत घोट्याचा बटाटेवडा झाला. फोनला नेटवर्क नाही. आईंनी आपली ओढणी फाडून पाय करकचून बांधला, बोटं हलवायला लावली आणि मोडलं नसल्याचं जाहीर केलं. मी म्हणाले, "कोणीतरी थांबेल. फॅलनला परत जाऊ आणि समीरला बोलावू."

आईंनी पर्समधून एक प्लास्टिकचं पाकीट काढलं. त्यात त्यांचं लायसन्स होतं. शेजारी करड्या रंगाची एक पुस्तिका. इंटरनॅशनल परमिट.

"हे काय?"

"लायसन्स."

"ते दिसतंय. हे कधी काढलंत?"

"गाडी शिकले त्याला पाच वर्षं झाली. हे परमिट निघायच्या आधी काढलं. समीरला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं मी. 'इकडे नको आई, इकडचं ट्रॅफिक वेगळं असतं' म्हणाला." त्यांनी दोन्ही दिशांना पाहिलं. क्षितिजापर्यंत एकही गाडी नव्हती. "कुठे आहे ते ट्रॅफिक?"

"बरं, मग फॅलनला परत नेता?"

"परत काहून? पाय दोन्हीकडे सारखाच दुखणार. आपलं बुकिंग ऑस्टिनला आहे ना?"

हे नेवाडातलं ऑस्टिन. ऐंशीहून जास्त मैल, मध्ये जवळजवळ काहीच नाही. मी शेजारच्या सीटवर पाय डॅशबोर्डवर टाकून बसले आणि मनातल्या मनात समीरला सांगायची वाक्यं जुळवू लागले.

ज्यांनी भारतात गाडी चालवलीय त्यांना सांगते, उजवीकडून चालवायची सवय दहा मिनिटांत होते, स्टीअरिंगजवळच्या दांड्यांची होत नाही. आई इंडिकेटर द्यायला गेल्या की वायपर चालू व्हायचे. शिवाय रिकाम्या रस्त्यावरही प्रत्येक वळणाला त्या हॉर्न द्यायच्या.

"आई, इथे कोणी हॉर्न देत नाही."

"पलीकडून कोणी येत असेल तर?"

"तुम्हाला दहा मैल पुढचं दिसतंय!"

आणि वेग पस्तीस. मी म्हटलं, हे मैल आहेत, किलोमीटर नाहीत. त्यांनी मनात गुणाकार केला. "म्हणजे छप्पन्न झाले. भरपूर आहेत."

घाटाचा चढ आला, ओव्हरटेक-बंदीची डबल पिवळी रेघ सुरू झाली आणि मी आरशात पाहिलं. मागे एक आरव्ही म्हणजे चाकांवरचं अख्खं घर, तिच्यामागे दोन ट्रक आणि त्यांच्यामागे लाल-निळे दिवे. अमेरिकेतल्या सर्वांत एकाकी रस्त्यावर आम्ही ट्रॅफिक जॅम केला होता.

आईंनी गाडी शिस्तीत बाजूला घेतली (वायपर लावून), कागदपत्रं हातात घेतली आणि दार उघडून सरळ खाली उतरल्या. आपल्याकडे साहेबाने अडवलं की उतरून जायचं असतं.

"मॅम! स्टे इन द कार!" लाउडस्पीकर गरजला. "हॅव अ सीट इन द कार!"

आईंना वाटलं, आदराने बसायला सांगतोय. त्यांनी हात हलवला. "नो नो, थँक यू! आय ॲम ओके स्टँडिंग!"

"आई, आत!" मी किंचाळले. "आत या! हात दिसू द्या!" इथे असं उतरणाऱ्यावर पोलीस पिस्तूलही रोखतात. पाय विसरून मी उठायला गेले आणि डॅशबोर्डवर गुडघा आपटला. माझ्या आवाजात त्यांनी काय ऐकलं कोण जाणे, त्या एकदम पांढऱ्या पडल्या, येऊन बसल्या आणि दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले.

डेप्युटी, म्हणजे इथला पोलीस, तरुण होता, उन्हाने लाल झालेला. आत वाकला आणि ओढणीत गुंडाळलेला माझा पाय, चालू वायपर, मांडीवरचा पुऱ्यांचा डबा असं सगळं क्रमाने पाहिलं.

"मॅम, मी का थांबवलं माहितेय? इथे लिमिट सत्तर आहे."

आईंनी खोल श्वास घेतला. त्यांच्यातल्या शाळेच्या बाई जाग्या झाल्या. "सेव्हंटी इज अलाउड?"

"येस मॅम."

"अलाउड. बट इज इट कम्पल्सरी?"

त्याने आईंचं लायसन्स घेऊन उलटसुलट करून पाहिलं. मला वाटलं आता चौकीवर नेतो. मग त्याने टोपी काढली, कपाळ पुसलं आणि हसू लपवत लायसन्स परत दिलं. मागे गाड्या साठल्या की कडेला घेऊन पुढे जाऊ द्यायचं, त्याने समजावलं. आणि पन्नास-साठने चालवली तर बरं होईल. आईंनी त्याला दोन पुऱ्या देऊ केल्या. ड्यूटीवर घेता येत नाही, असं म्हणून तो गेला.

आई लगेच निघाल्या नाहीत.

"खूप घाबरलीस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मी पण." मग समोर बघतच म्हणाल्या, "ऋता, तुला सांगते. मी समीरला सांगणार होते, परतीचं तिकीट अलीकडचं करून दे म्हणून. तुम्ही दोघं चांगलेच वागता. पण शनिवारी कोणाला वेळ झाला तर मी घराबाहेर पडणार. भाजी आणायलासुद्धा. अमरावतीला मी रोज गाडी काढते. इथे मला पार्सल झाल्यासारखं वाटतं."

चार महिने मी त्यांना 'काही हवंय का' असं रोज विचारत होते आणि ते मला पुरेसं वाटत होतं.

"पंचावन्नने बघा चालवून," मी एवढंच म्हणाले.

त्यांनी साठने चालवली. ऑस्टिन म्हणजे डोंगराला चिकटलेला एक रस्ता आणि थोडी घरं. पेट्रोल फॅलनपेक्षा बरंच महाग होतं, तरी भरून घ्या. संध्याकाळी नेटवर्क आलं तेव्हा समीरचा फोन. "सगळं ठीक? दमली नाहीस ना ड्राइव्ह करून?"

"अजिबात नाही," मी खरं तेच सांगितलं.

तिसरा दिवस संपूर्ण आईंचा. रस्ता डोंगर चढतो, खाली उतरतो, टेबलासारखी सपाट दरी कापतो, परत डोंगर. असं दिवसभर. एका खिंडीत त्यांनी गाडी थांबवली आणि पुढचं बघत उभ्या राहिल्या. "हे गट पर्वत. ही खचदरी. आणि इथलं पाणी समुद्राला मिळतच नाही बघ, इथेच जिरतं. तीस वर्षं मी हे फळ्यावर चुकीचं काढत होते. दरी एवढीशी काढायचे." मग खडूने काढावी तशी हाताने हवेत एक लांबच लांब आडवी रेघ ओढली.

पुढच्या मुक्कामाला, इली गावातल्या डॉक्टरने पाय मुरगळल्याचं सांगून आधाराचा बूट चढवला. त्या बुटात मी चौथ्या दिवशीही शेजारीच बसले. चार दिवसांची ट्रिप आम्ही पाच दिवसांवर नेली. तुम्ही जाणार असाल तर पाचच ठेवा, चारात धावपळ होते.

घरी पोचलो तेव्हा समीर बाहेरच उभा होता. ड्रायव्हरच्या बाजूने आई उतरल्या. त्याने आईकडे पाहिलं, मग माझ्या बुटाकडे, मग गाडीला कुठे खरवडलंय का ते. आधी चिडला, मग इन्शुरन्सवाल्यांना फोन करून आईंचं नाव घातलं. अलीकडच्या तिकिटाचा विषय निघालाच नाही.

मागच्या मंगळवारी ऑफिसातून आले तर गाडी नाही, आई नाहीत, फोन घरातच. समीर घरात येरझाऱ्या घालत होता. तासाभराने त्या आल्या, चपलांना वाळू लागलेली.

"सांताक्रूझला समुद्र बघून आले."

"सतरा नंबरच्या रस्त्याने?" समीरचा आवाज चिरकला. त्या घाटात त्याला स्वतःला अजून घाम फुटतो.

"हो ना. छान वळणं आहेत," आई म्हणाल्या. "पण तुमचे लोक किती हळू चालवतात रे."