खडेवाले कॅप्टन

विमान चालवणारा माणूस खाली मान घालून चालतो, हे मी आमच्या कॅप्टन साहेबांकडेच पाहिलं. बाकीचे पायलट उतरले की चहाच्या मागे लागत. हे मात्र टोपी काखेत मारून, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, जळगावच्या धावपट्टीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत आणि खडे वेचत. खडा दिसला की वाकायचं, उचलायचा, खिशात टाकायचा. मी तिथला चौकीदार. पट्टीवरची गुरं आणि कुत्री हाकलायची, हे माझं काम. साहेब वाकतात म्हटल्यावर मलाही वाकावं लागे, आणि मला तर कुणापुढे वाकायची सवय नाही. खडा उडून पंख्यात गेला तर विमान बिघडतं, असं ते म्हणायचे; तरी पहिले आठ दिवस मी मनात त्यांना शिव्याच दिल्या.

नव्वद सालानंतरची गोष्ट ही. एका खाजगी कंपनीने जळगावहून मुंबईला छोटं, दोन इंजिनांचं, पंख्यांचं विमान सुरू केलं होतं. शेजारच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बाया कुंपणापाशी येऊन ओरडायच्या, "आबा, तुमना साहेबले आमना वावरमा धाडा, कापूस येचाले!" मला राग यायचा. साहेब हात वर करून विचारायचे, "बठ्ठं बरं शे ना, अक्का?" सगळं बरं आहे ना, एवढीच अहिराणी त्यांना येत होती. कलेक्टर आले तरी त्यांना तेच विचारलं. त्यांचं नाव खडेवाले कॅप्टन पडलं ते बायांमुळेच.

त्यांची दुसरी खोड म्हणजे निघण्याआधीची उजळणी. चाकांखालची लाकडी अडण काढायला मी गेलो की खिडकीतून ऐकू यायचं. बाजूला एक तरुण मॅडम बसायची, तीही पायलटच. हे विचारायचे, ती उत्तर द्यायची. रोज तेच प्रश्न, रोज तीच उत्तरं. मला वाटायचं, हिला एवढं कसं पाठ होत नाही? एकदा विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, "आबा, आम्ही आधी थांबायचं ठरवतो. मग निघतो. एका ठरावीक वेगापर्यंत काही बिघडलं तर थांबायचं. त्याच्या पुढे गेलो की थांबायचं नाही, वरच जायचं. ते आयत्या वेळी ठरवायला बसलं तर माणसं मरतात."

"आणि थांबल्यावर लोक शिव्या देतात त्याचं काय?" मी म्हटलं.

"शिव्या द्यायला ते जिवंत असतात," ते म्हणाले, आणि पुढचा खडा उचलला.

त्या हिवाळ्यात माझ्या थोरल्या भावाचं, नानांचं, हृदय बिघडलं. जळगावच्या डॉक्टरांनी हात टेकले, मुंबईला न्या म्हणाले, आणि लवकर न्या. नाना ज्या कापसाच्या जिनिंगमध्ये फोरमन होते तिच्या मालकाने आपली विमानातली जागा त्यांना दिली, नानांचा मुलगा प्रभाकर याचीही सोय केली. नानांना खुर्चीसकट उचलून आम्ही आत ठेवलं. साहेबांनी स्वतः त्यांचा पट्टा बांधला. "बठ्ठं बरं शे ना, नाना?" त्यांनी विचारलं. नाना हसले. आजारात पहिल्यांदाच हसले.

मी पट्टीच्या कडेला लाल झेंडी घेऊन उभा राहिलो. विमान सुटलं. माझ्यासमोरून गेलं आणि लगेच धडाका झाला. उजव्या इंजिनातून काळा धूर निघाला. विमानाचं तोंड उजवीकडे वळलं, वाटलं आता गेलं कपाशीत. पण ते परत सरळ झालं. मग ब्रेक किंचाळले. रबर जळाल्याचा वास माझ्यापर्यंत आला. पट्टी संपत आली होती, पुढे नाला होता आणि नाल्याच्या अलीकडे त्याच बाया. विमान थांबलं. बाया होत्या तिथेच उभ्या होत्या, एकीनेही पाय उचलला नव्हता.

मी धावलो. मॅडमने दार उघडून माणसं डाव्या बाजूने खाली काढायला सुरुवात केली होती. आवाज चढला नाही तिचा. साहेब ओरडले ते फक्त माझ्यावर, "आबा, चाकांच्या बाजूने येऊ नका! फुटतील! समोरून या!" शेवटी ते नानांना पाठीवर घेऊन उतरले. पांढरा सदरा घामाने अंगाला चिकटला होता.

प्रभाकर त्यांच्या अंगावर गेला. "एक इंजिन चालू होतं ना? एकावर विमान उडतं म्हणतात!"

"उडतं," साहेब म्हणाले. "पण ठरलेल्या वेगाच्या आत गेलं तर मी थांबतो."

"माझ्या बापाला वेळ नाही!"

"माहीत आहे मला."

नाना जमिनीवर बसूनच म्हणाले, "प्रभ्या, साहेबले काही बोलू नको."

मिळेल त्या रेल्वेगाडीने प्रभाकर त्यांना घेऊन निघाला. चाळीसगाव स्टेशनवर नानांना खाली उतरवावं लागलं, ते कायमचंच.

साहेब दहाव्याला आमच्या गावी आले. एस.टी.ने आले, कंपनीची गाडी आणली नाही. ओट्यावर बसले. इंजिनाला दोष दिला नाही, नशिबाचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाले, "थांबवणारा हात माझा होता." कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. मी आत जाऊन तांब्या आणला, तेव्हा वहिनींनी तोंड फिरवलं.

चौकशीसाठी विमान खात्याचे अधिकारी येणार, हे कळलं त्या संध्याकाळी प्रभाकर माझ्याकडे आला. कॅप्टनने घाबरून उगाच विमान थांबवलं, धडाका नंतर ब्रेकमुळे झाला, अशी त्याची तक्रार होती. तसं ठरलं असतं तर साहेबांचं विमान चालवणं कायमचं बंद झालं असतं. पट्टीवर त्या वेळी सगळ्यात जवळ उभा मी होतो.

"काका, पहिले ब्रेक वाजना, मंग धडाका व्हयना. इतलंच सांगानं शे."

"धडाका पहिले व्हयना. मी तठेच व्हतू."

"नाना तुना भाऊ व्हता का नही?"

मी उठून उभा राहिलो. त्याला दार दाखवलं. माझ्या पुतण्याला.

चौकशीत मी ऐकलं तेच सांगितलं. त्यांनी फिरवून फिरवून विचारलं. मी म्हटलं, शंभरदा विचारा, धडाका आधी. अंगठा नाही, सही केली. तेवढी मला येते.

साहेबांवर ठपका आला नाही. पण पुढे कंपनीनेच जळगावचं विमान बंद केलं. जायच्या दिवशी ते चौकीत आले. म्हणाले, "आबा, तुम्ही उलटं सांगितलं असतं तरी मी तुमच्यावर रागावलो नसतो. घरचं माणूस गेलं होतं."

मला ते लागलं. मी म्हटलं, "मी तुमच्यासाठी बोललो नाही, साहेब. माझा भाऊ त्या विमानातून जिवंत उतरला. ते मी पाहिलं, म्हणून बोललो."

मग त्यांनी टोपी डोक्यावर घातली. मला त्यांनी सलाम केला, वरिष्ठाला करतात तसा, आणि गेले. पुन्हा भेट नाही. कुठे असतात, आहेत की नाहीत, मला माहीत नाही.

प्रभाकर माझ्याशी आजतागायत बोलत नाही. त्याच्या मुलीच्या लग्नाचा मांडव माझ्या दारावरून दिसत होता, अक्षत काही आली नाही. वहिनी गेल्या तेव्हा खांदा द्यायला मी पुढे झालो, तर त्याने दुसऱ्याला हाक मारली. मी मागे चालत गेलो. नदीपर्यंत गेलो. ती माझी वहिनी होती.

बाजाराला जाताना वाट त्याच्याच घरावरून आहे. दुसरी वाट आहे, पण मी त्याच वाटेने जातो. मान वर ठेवून.