ठिगळाचं माप

मास्तरांना घाबरलेलं कुणी पाहिलं नव्हतं. लग्न तासावर आलेलं असताना नवरीचा ड्रेस दंडात अडकला, घरातल्या बायका रडकुंडीला आल्या, तरी हा शिंपी चष्मा पुसून निवांत टाके उसवत बसला होता. पण डॉक्टरीणबाईंनी मास्तरांच्या कुत्र्याच्या मानेखालची गाठ लांबूनच पाहिली आणि "सुई घालून बघावं लागेल," असं म्हणाल्या, तेव्हा मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

कुत्र्याचं नाव ठिगळ. पांढऱ्या अंगावर डाव्या डोळ्याभोवती तेवढा काळा डाग. शिंप्याच्या घरात दुसरं काय नाव पडणार? वय अकरा आणि काळीज सशाचं. दवाखान्याच्या दारातच त्याचे पाय लटपटायचे. टेबलावर चढवलं की मात्र सशाचा वाघ व्हायचा. मागच्या खेपेला त्याने कंपाउंडरचा अंगठा फोडला होता.

"भूल दिली असती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण याचं हृदय कमजोर आहे. मी ती जोखीम घेणार नाही. पंधरा दिवसांनी आणा. शांत उभा राहिला तरच गाठ कसली आहे ते कळेल."

"आणि वाईट असली तर?"

"तर लवकर कळलेली बरी."

दोन्ही मुली सासरी गेल्यापासून घरातली सगळी माया या एका प्राण्याच्या वाट्याला आली होती. मास्तरांच्या बायकोने त्याला कुशीत घेतलं ते जेवणवेळ झाली तरी सोडेना. मास्तर तिला समजवायला गेले आणि स्वतःच डोळे पुसून परत आले.

चूक कुठे होत होती ते दोन दिवसांनी दुकानातच कळलं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक गिऱ्हाईक बाई ड्रेस घट्ट झाला म्हणून तोंड पाडून उभी होती. बायकोने सवयीने तिच्या पाठीवरून हात फिरवला, "काही नाही होत हं, काही नाही होत." झालं! मशीनखाली घोरत पडलेला ठिगळ ताडकन उठला आणि कापडाच्या गठ्ठ्यामागे जाऊन थरथरायला लागला. दोघांच्याही एकदम लक्षात आलं. दवाखान्यात दर वेळी सुई टोचायच्या आधी बायको त्याच्या कानात हेच तर म्हणायची! बिचारी इतकी वर्षं धीर द्यायला जात होती आणि त्याला मात्र तो धोक्याचा भोंगा वाटत होता.

"म्हणजे मीच घाबरवलं का हो त्याला?" तिने विचारलं.

"तू एकटीने नाही. मी त्याला घट्ट आवळून धरायचो, ते काय कमी होतं?"

मग मास्तरांनी आपलं शास्त्र बाहेर काढलं. अंगाला हात लावू न देणारी गिऱ्हाइकं त्यांनी कमी पाहिली नव्हती. अशा माणसाला आधी टेप दाखवायची, समोरून अंगावर जायचं नाही, बाजूने यायचं आणि तोंडाने आकडे म्हणत राहायचं. रोज सकाळी मास्तर ठिगळाला कटिंगच्या टेबलावर इस्त्रीच्या जुन्या ब्लँकेटवर उभं करू लागले. आधी टेप हुंगायला द्यायची, मग छाती, मग कंबर. गळ्याशी आले की खडूचं बोथट टोक गाठीवर हलकेच दाबायचं आणि लगेच उकडलेल्या अंड्याचा तुकडा. पहिल्या दिवशी ठिगळाने खाली उडी मारली. आठव्या दिवशी तो स्वतःच टेबलापाशी येऊन उभा राहिला. खादाडपणा असा कामी आला.

ठरलेल्या सकाळी बायको चप्पल घालून तयार.

"तू थांब," मास्तर म्हणाले.

"मी तोंडातून शब्द काढणार नाही."

"तुझा चेहरा बोलतो गं. त्याला तेवढंही पुरतं."

ती चप्पल काढून आत गेली. मास्तरांना फार वाईट वाटलं, पण ते निघाले.

दवाखान्यातल्या बाकावर एक मांजर टोपलीतून गुरगुरत होतं, म्हणून मास्तर नंबर येईपर्यंत ठिगळाला घेऊन बाहेरच झाडाखाली थांबले. आत गेल्यावर त्यांनी थंडगार, घसरत्या स्टीलच्या टेबलावर घरचं ब्लँकेट अंथरलं. ठिगळाने ते हुंगलं. पाय लटपटले, पण तो उभा राहिला.

"बाई, समोरून वाकू नका. बाजूने या," मास्तर म्हणाले. कंपाउंडर दोन पावलं लांबच होता. अंगठा कुणाला नको असतो? मास्तरांनी टेप काढली. "छाती सव्वीस. लिहा!"

सवयीने तोंडातून निघून गेलं. कंपाउंडरने खरंच खिशातून पेन काढलं आणि औषधाच्या खोक्यावर सव्वीस लिहिलं.

"कंबर एकवीस. गळा..." डॉक्टरीणबाईंची सुई आत गेली. ठिगळाचा एक कान हलला. मास्तरांचा आवाज दुकानातल्यासारखाच राहिला. "...सोळा. सोळाच ना? हो, सोळा." सुई बाहेर आली. अख्खं अंडं ठिगळाच्या पोटात गेलं आणि कंपाउंडरने सुटकेचा नि:श्वास टाकला.

डॉक्टरीणबाई गाठीतला नमुना काचेवर घेऊन तपासायला आत गेल्या. ती पंधरा मिनिटं मास्तरांनी कशी काढली ते त्यांचं त्यांना ठाऊक.

"चरबीची गाठ आहे," त्या बाहेर येऊन म्हणाल्या. "निरुपद्रवी. कापायचीही गरज नाही. अंडी मात्र कमी करा."

"परत सांगा."

त्यांनी परत सांगितलं. मास्तरांनी मान डोलावली आणि ब्लँकेटची घडी घातली.

बायकोला घरात थोडंच राहवणार होतं? कोपऱ्यावर वळताच ती समोरच्या फुटपाथवर दिसली. तिला जवळ बसवून, हळूहळू सगळं सांगायचं असं मास्तरांनी वाटेत ठरवलं होतं. ते भर रस्त्यात ओरडले, "चरबी आहे गं! नुसती चरबी!" शेजारून चाललेल्या एका जाडजूड गृहस्थांनी त्यांच्याकडे रागाने वळून पाहिलं.

ती हसली नाही. एका बंद दुकानाच्या पायरीवर मटकन बसली आणि हमसाहमशी रडायला लागली. मास्तर रस्ता ओलांडून पोचले, तोवर ठिगळ त्यांच्या हातातून दोरी सोडवून तिच्या मांडीवर चढला होता.

"अहो, सकाळपासून मी याची वाटी घासून फडताळात ठेवली होती," ती म्हणाली. "डोळ्यांसमोर नको म्हणून."

मास्तर तिच्या शेजारी पायरीवर बसले. "चल," ते म्हणाले, "घरी जाऊन आधी ती बाहेर काढू."