धुळीचा आवाज

गॅरेजात त्याला सगळे कानमास्तर म्हणत. ब्रेक वाजतोय म्हणून गाडी आली की मालक म्हणायचा, "कानमास्तरला घेऊन एक चक्कर मारून या." मग हा काच खाली करून मागच्या गोदामाच्या भिंतीलगत गाडी हळूहळू चालवायचा. मोकळ्या रस्त्यावर विरून जाणारा आवाज भिंतीवर आपटून परत येतो. चाक खोलायच्या आधीच तो सांगून मोकळा व्हायचा. ब्रेक दाबल्यावर चिरकतंय, मग बहुधा धूळ. साफ केलं की जातं. पाय उचलला तरी चिरकतंय, मग पॅड संपले. पॅडला पत्र्याची एक जीभ असते. पॅड झिजला की ती चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला टेकते आणि ओरडायला लागते, की बाबांनो, बदला आता. आधी सांगायचं, मग पाना उचलायचा, हा त्याचा बाणा. सगळी मिजास त्यावरच.

आणि दैव बघा कसं मेलं! त्याच माणसाच्या कानातून नेमका बारीक आवाज गेला. हॉर्न, हातोडा, मालकाच्या शिव्या, सगळं व्यवस्थित ऐकू येई. चिरकणं तेवढं येईना. डॉक्टर म्हणाले, "जन्मभर कॉम्प्रेसरशेजारी उभे राहिलात. गेलं ते परत येणार नाही. मशीन लावा, थोडाफार उपयोग होईल." आता कानमास्तरानं कानात मशीन घातलं, तर गाडी दाखवायला कोण येणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नाही. तिला वाटलं, वयाबरोबर माणूस घुमा झालाय.

तुम्ही म्हणाल, मग मुकाट्यानं चाक खोलून बघावं की नाही? पण न सांगता खोललं तर मालक सगळ्यांदेखत विचारणार, काय रे, आज ऐकू नाही आलं? म्हणून यानं युक्ती काढली. कान भिंतीकडे आणि डोळा शेजारी बसलेल्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर. आवाज आला की माणसाच्या कपाळाला आठी पडतेच. आठी पडली तेव्हा आपला पाय कुठे होता, एवढं बघायचं. बरेच दिवस हे खपून गेलं, आणि खपून गेलं म्हणूनच पुढचं सगळं झालं.

एक दिवस धाकटी बहीण आली. तिचं केस कापायचं दुकान. दिवसभर पायावर उभं राहायचं आणि गिऱ्हाइकापेक्षा जास्त बोलायचं. आली तीच हसत. "दादा, माझी गाडी रडतेय रे. मालकिणीवर गेली नाही हो!"

ती शेजारी बसली आणि भिंतीलगत जाईपर्यंत तिचं तोंड काही थांबलं नाही. नणंद काय म्हणाली, दुकानातला आरसा कसा तडकला. हा बघतोय तिच्या तोंडाकडे, पण आठी पडेल तर शपथ! पडणार कशी? दादा शेजारी बसलाय, आता काळजी दादाची. भिंत संपत आली तसा त्यानं ब्रेक दाबला. बोलता बोलता तिनं बोट वर केलं, "हां, हा बघ, हाच. मघापासून..." आणि ती पुन्हा आरशावर गेली. मघापासून, हा शब्द त्यानं ऐकला, पण ऐकल्यासारखं केलं नाही. पाय ब्रेकवर होता ना? झालं तर.

"धूळ आहे," तो म्हणाला. त्यानं बाहेरूनच हवा मारून दिली.

पुढे त्या चाकातून घरघर यायला लागली. शेजारणीनं टोकलं तेव्हा बहीण म्हणाली, "दादानं बघितलंय. धूळ आहे." मग एका उतारावर गाडी थांबायची तिथे थांबली नाही. पुढच्या ट्रकमध्ये मागून जाऊन घुसली. उजव्या घोट्याचा भुगा झाला. सळ्या घालून पाय वाचला, पण उभं राहायचं काम आता होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. गाडी दुसऱ्या गॅरेजात खोलली. आत पॅड नावालासुद्धा उरला नव्हता.

तो भेटायला गेला तेव्हा मेव्हणे दारातून बाजूला झाले. बहीण उशीला टेकून बसली होती. तिचं दुकान दुसऱ्या कुणी घेतल्याचं तिनंच सांगितलं. एवढं बोलून ती थांबली. ती गप्प बसलेली त्यानं जन्मात पाहिली नव्हती.

"दादा," ती म्हणाली, "एकच विचारते. त्या दिवशी तुला तो आवाज ऐकू आला होता ना?"

हे मात्र त्याला स्वच्छ ऐकू आलं. नाही म्हणावं, तर उद्या हे गॅरेजात पोचणार. मेव्हणे दारातच उभे होते. जीभ सवयीनं चालली.

"आला होता की," तो म्हणाला. "मला वाटलं, धूळच आहे."

तिनं मान हलवली. पांघरुणाची कड नीट केली.

"मला वाटलं होतं, ऐकूच आला नसेल," ती म्हणाली. "चमचा पडला तरी तू हल्ली मागे बघत नाहीस. मी यांना तेच सांगत होते, त्याला ऐकूच आलं नसेल, त्याच्यावर रागावू नका."

आता खरं सांगितलं असतं, तरी ती सुटकेसाठी मारलेली थाप वाटली असती. मेव्हणे आत आले आणि म्हणाले, तिच्या औषधाची वेळ झाली आहे. तो उठला. बहिणीनं नेहमीसारखं "परत कधी येशील" विचारलं नाही.