उजव्या बाजूचा पुठ्ठा

माणसाचं लक्ष ही त्याची सर्वांत पवित्र ठेव आहे; तिचा बाजार मांडू नये.

हे वाक्य माझं आहे. आमच्या वेबसाइटवर ते पैसे भरायच्या बटणाच्या बरोबर वर असतं. त्याबद्दल माझं कौतुकही झालं आहे. पुढे जे सांगणार आहे ते मात्र मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोला नाही, ज्यांना आपण सगळं सांगतो असं मी समजतो त्या मित्रांनाही नाही. तुम्हाला का सांगतो आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालो आणि रामदासपेठेतल्या एका कंपनीत मजकूर लिहायला लागलो. कंपनी स्पर्धा परीक्षांच्या सराव चाचण्या चालवते. चाचणी फुकट, पण प्रश्नाच्या उजवीकडे जाहिरात हलत असते. ती नको असेल तर दरमहा पैसे भरून 'शांत अभ्यास' नावाची योजना घ्यायची. हे नावही माझंच. म्हणजे आधी गोंगाट करायचा आणि मग शांतता विकायची. वरातीतला बँडवालासुद्धा थांबायचे पैसे मागत नाही हो.

जाहिरात कशाची, तर एकाग्रता वाढवणाऱ्या चूर्णाची. तिच्यात एक गुलाबी मेंदू दोरीवरच्या उड्या मारतो. मेंदूच्या पायात बूट आहेत. हे मी रचून सांगत नाही.

आता पल्लवी. महाल भागात राहणाऱ्या माझ्या बहिणीची मुलगी. लहान मुलांच्या शिकवण्या घेते आणि लिपिकाच्या परीक्षेची तयारी करत होती. वयाची अट अशी की तो तिचा शेवटचा प्रयत्न होता. त्याच्या थोडं आधी एका डॉक्टरांनी तिला एडीएचडी असल्याचं सांगितलं होतं. तिचं लक्ष आळसानं भरकटत नाही; मेंदूची ठेवणच अशी, की कोपऱ्यात काही हललं की लक्ष तिकडे ओढलं जातं, आणि ते परत आणायला तिला तुमच्या-माझ्यापेक्षा फार कष्ट पडतात. डॉक्टरांनी हे नीट समजावलं होतं. तिनं मला समजावलं. मी काय केलं? हसलो. ही नवी फॅशन आहे म्हणालो. मी पुष्कळ वाचलेला माणूस आहे, आणि अशा माणसाला हसायला फारशी माहिती लागत नाही.

एकदा तिनं विचारलं, “मामा, तुमच्या त्या मेंदूले थांबवता येत नाही काय? मी प्रश्न वाचून राहिली, अन् तो तिकडं उड्या मारून राहिला. खालच्या ओळीवर येतपर्यंत वरची विसरून जाते मी.”

“ते आपल्या हातात नसते वं,” मी म्हणालो.

खोटं. जाहिरात थांबवायचं बटण हे एका दुपारचं काम आहे, असं आमच्या प्रोग्रामरनं मला चहा पिताना सांगितलं होतं. कुणीतरी मागायला हवं, एवढंच. मी मागितलं नाही.

“मंग ती शांतवाली योजना घेऊ काय?” ती हसली. “मामाच्याच दुकानात पैसे देऊन घ्या लागते म्हणजे!”

मीही हसलो. ती योजना मी तिला घेऊन देऊ शकत होतो. पेन्शन आहे, वर पगार आहे. पण घेऊन दिली असती तर तिचा त्रास खरा आहे हे कबूल केल्यासारखं झालं असतं. आणि मी तर त्याला हसून बसलो होतो.

मग तिनंच तोड काढली. तिचे वडील गांधीबागेत साड्यांच्या दुकानात आहेत, घरात साड्यांचे रिकामे खोके असतात. त्यातल्या एका खोक्याचा पुठ्ठा कापून तिनं लॅपटॉपच्या उजव्या कडेला चिकटपट्टीनं लावला. एका रविवारी मी गेलो तर ती चाचणी सोडवत होती. बहीण दारातच कुजबुजली, “दादा, हळू बोल. सकाळपासून उठली नाही ते.” पल्लवीला असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पुठ्ठ्यामागे मेंदू उड्या मारत असणार, आणि त्याला बघायला कुणी नव्हतं. मला बरं वाटलं का? वाटलं. म्हणून तर पुढचं जास्त किळसवाणं आहे.

दुसऱ्याच दिवशी ऑफिसात मीटिंग होती. तिथं मी सर्वांत म्हातारा, आणि माझं कुणी ऐकत नाही. साहेबांनी फळ्यावर वर जाणारा बाण काढला, सगळ्यांनी त्या बाणाकडे देवळात बघावं तसं बघितलं. चहा आला. आणि मला — कसं सांगू — मला वाटलं, आपणही यांना हसवावं. मी सांगितलं, एका मुलीनं आपल्या जाहिरातीवर साडीचा खोका चिकटवलाय. माझी भाची आहे, हे सांगितलं नाही. रंगवून सांगितलं. वर्गातली पोरं हसायची तसे सगळे हसले.

माझ्या मुलाच्या वयाचे साहेब हसता हसता थांबले. “सर, ये तो सोना है! म्हणजे लोक जाहिरात झाकून राहिले. मग एका बाजूले ठेवायचीच काहून? बदलत राहू द्या ना बाजू.”

तेव्हा बोलायला वेळ होता. अख्खा कप चहा होता हातात. मी म्हणालो, “कल्पना चांगली आहे.”

झालं. जाहिरात बाजू बदलायला लागली. एका प्रश्नाला उजवीकडे, पुढच्याला डावीकडे. पल्लवीनं डावीकडेही पुठ्ठा लावून पाहिला, तर प्रश्नच अर्धा झाकला जायला लागला. तिनं दोन्ही काढून टाकले. स्क्रीनवर चिकटपट्टीचे डाग राहिले.

परीक्षेत तिचं झालं नाही. जाहिरातीमुळेच झालं नाही असं मी म्हणत नाही. तसं नाहीच, असंही मला म्हणता येत नाही. निकालानंतर मी गेलो तेव्हा चहाचा कप माझ्या हातात देत ती म्हणाली, “जाऊ द्या मामा. माझंच डोकं जागेवर राहत नाही.”

आणि मी — सगळं माहीत असलेला मी — म्हणालो, “थोडं मन लावायला पाहिजे होतं वं.”

तिनं मान हलवली. पटलं तिला.

हेच सांगायचं होतं. जाहिरात कंपनीची, बाजू बदलायची कल्पना साहेबांची. हे वाक्य मात्र माझं, सुरुवातीच्या वाक्यासारखंच. आता तिचं वय उलटलं आहे. ती शिकवण्या घेते. मला अजून मामाच म्हणते, चहाही देते.

दिवाळीला, उपयुक्त सूचना केल्याबद्दल, कंपनीनं मला भेट दिली: त्या चूर्णाचा डबा. झाकणावर बूट घातलेला मेंदू. मी तो फेकला नाही. रोज सकाळी कोमट पाण्यातून एक चमचा घेतो. एकाग्रतेचं काही सांगता येत नाही. पोट साफ होतं.