कोपरा फाडलेलं पत्र

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या बुवा, कारण हे सांगताना मला अजून थकवा येतो. लोक चूक करून पस्तावतात. मी चूक करून स्वतःचाच दहावा घडवून आणला!

मी तेव्हा शस्त्रक्रिया शिकत होतो. शिक्षण अर्धवट ठेवून दोन वर्षं झांजीबारच्या एका धर्मार्थ दवाखान्यात बिनपगारी राबायला गेलो. इथे कल्याणात आमच्या अप्पांनी, म्हणजे काकांनी, घर डोक्यावर घेतलं. "समुद्र ओलांडतोस? परत आलास की आधी मुंडण, मग प्रायश्चित्त. त्याशिवाय उंबरठा नाही!"

मी म्हटलं, करू.

ती दोन वर्षं कशी गेली, विचारू नका. कापा, शिवा, बांधा! झोप म्हणजे काय, तेच विसरलो. शेवटी घरी पत्र लिहिलं, 'पुढच्या आगबोटीनं निघतो.' त्याच दिवशी एका म्हाताऱ्यानं जखम धुवायचं औषध पिऊन टाकलं होतं. बाटलीला खुणेची चिठ्ठी हवी, आणि हाताशी कागद नाही. पत्राचाच कोपरा टर्रकन फाडला, त्यावर फुली मारली, बाटलीला चिकटवला. उरलेलं पत्र टपालात टाकलं आणि आडवा झालो.

अहो, कोपरा फाडलेलं पत्र आपल्याकडे कधी येतं? कुणी गेलं की! शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण मला तेव्हा स्वतःचं नावसुद्धा आठवत नव्हतं.

पत्र पोचलं. अप्पांनी घडी उघडली, फाटका कोपरा पाहिला आणि अंगणातच हंबरडा फोडला. झांजीबारात आमचं दुसरं होतं कोण?

"अहो अप्पा, पत्ता त्यांच्याच हातचा आहे," माझी बायको म्हणाली. "वाचा तरी!"

"शेवटच्या घटकेला लिहिला असेल गं पोरानं!" असं म्हणत अप्पांनी पत्राचे तुकडे केले. अशुभ पत्र ठेवतात का कुठे? दर्भाचा पुतळा करून खाडीकाठी माझं दहनही उरकलं.

मी कल्याणला उतरलो तो नेमका दहावा दिवस. मला काय कल्पना! अंगणात गणू न्हावी वस्तऱ्याला धार लावत बसलेला. आत बायका रडत होत्या. मला वाटलं, आनंदानं.

अप्पा तयारीत आहेत म्हणायचे! वाद घालायचं त्राण नव्हतं. पगडी काढून गणूसमोर बसलो, मान खाली घातली.

"उरक रे गणू लवकर. फार दमलोय."

गणूनं वर पाहिलं आणि त्याची बोबडीच वळली. "भाऊसाहेब! वहिनीबाईंच्या केसाला हात लावला नाय हो मी अजून! देवाशपथ नाय!" वस्तरा टाकून तो पळत सुटला.

इतक्यात खाडीवरून अप्पा आले. मला पाहून मटकन खाली बसले. "सकाळपासून पिंडाला कावळा शिवत नाही रे. कसली इच्छा राहिली? सांग, पुरी करतो, पण असा येऊ नकोस!"

"अप्पा, घोटभर चहा आणि अंथरूण. दुसरी काही इच्छा नाही!"

मग ही दारात आली. कपाळ कोरं, केस मोकळे. तेव्हा कुठे उजेड पडला की तो वस्तरा कुणासाठी होता. शरम वाटली, फार शरम वाटली.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग डोळे पुसले, पदर खोचला आणि म्हणाली, "गणूला परत बोलवा."

"आता कशाला गं?"

"तुमचं मुंडण व्हायचंय ना?"

गणू आला. भुतासमोर बसल्यासारखा त्याचा हात कापत होता. तीनदा कापलं मेल्यानं मला! ही समोरच्या पायरीवर केसांना तेल लावत बसली होती. माझी शेवटची बट पडेपर्यंत हलली नाही. आणि मी, अर्ध्या झांजीबारला 'ओरडू नका, सोसा' म्हणून सांगून आलेला शस्त्रवैद्य, हूं की चूं करायला धजलो नाही!