फलकावरचे झाकलेले नाव

एल्सी नंगाला यांना मे महिना नकोसा होई. एरवी गावातल्या गोऱ्या लोकांना या आदिवासी बाईंची आठवण नसे, पण महिनाअखेरीस गोरे आणि आदिवासी यांच्यातला सलोखा सप्ताह आला की सगळ्यांनाच एल्सीमावशी हव्या असत. शाळेत भाषण, वाचनालयात भाषण, पोलीस ठाण्यात चहा आणि भाषण. प्रश्नही ठरलेले. "मावशी, बूमरँग फेकता येतं का?" त्या म्हणत, "नाही, शिलाई मशीन चालवता येतं." "मावशी, आम्हाला माफ केलंत का?" त्यावर, "आधी काय झालं ते नीट शिका, मग माफीचं बघू."

त्यांची आई गोऱ्या मालकाच्या स्वयंपाकघरात राबली. पगार म्हणजे पीठ, साखर आणि चहा. एल्सी इस्पितळात कपडे धुवायला लागल्या आणि पुढे तिथेच दुभाषी झाल्या. दोन्हीकडचे ऐकून घेण्याची सवय त्यांना तिथे लागली, आणि दोन्हीकडच्यांवर वैतागण्याचीही.

गावाबाहेरच्या पाणवठ्यावर त्यांच्या आजोबांच्या भावांना पोलिसांनी आणि गुरांच्या मालकांनी गोळ्या घातल्या होत्या. तिथल्या जुन्या पाटीवर मात्र पहिल्या गोऱ्यांनी येथे उंटांना पाणी पाजले, एवढेच. नवा फलक लावा म्हणून एल्सी आणि त्यांची थोरली बहीण नगरपरिषदेच्या मागे लागल्या. आजीकडून ऐकलेली हकिगत बहिणीने सांगितली. समितीने 'दुर्दैवी घटना' असे लिहून आणले, तेव्हा ती म्हणाली, "दुर्दैवी म्हणजे बैल खड्ड्यात पडतो ते." अखेर 'ठार मारले' हे शब्द मंजूर झाले, उंटांची जुनी ओळ त्याखाली राहिली, आणि मार्चमध्ये बहीण वारली.

एल्सींच्या लोकांत गेलेल्या माणसाचे नाव घेत नाहीत. घरच्या मंडळींनी मोकळे करेपर्यंत ते कुणाच्या तोंडी येत नाही, फोटोही दृष्टीआड ठेवतात. त्याच नावाच्या जिवंत बाईलाही 'कुमंजाय' म्हणतात, म्हणजे जिचे नाव घ्यायचे नाही ती. तेव्हा इथेही ते नाव येणार नाही.

नगरपरिषदेच्या संस्कृती अधिकारी प्रॅटबाईंचे पहिले नाव नेमके तेच होते. मार्चपासून एल्सींच्या घरच्या बायका त्यांना कुमंजाय म्हणू लागल्या. प्रॅटबाईंना हे लाडाचे नाव वाटले. त्यांनी ते छातीवरच्या बिल्ल्यावर छापून घेतले.

सलोखा सप्ताहात फलकाचे उद्घाटन ठरले. आदल्या दिवशी त्या एल्सींना मोठ्या कौतुकाने पाणवठ्यावर घेऊन गेल्या आणि फलकावरचे कापड ओढले. मधोमध बहिणीचा हसरा फोटो, खाली भल्यामोठ्या अक्षरांत नाव. एल्सींनी तत्काळ पाठ फिरवली.

"आवडलं नाही का, मावशी?"

"झाका ते."

"पण हा त्यांचा सन्मान आहे. आणि खाली सूचना छापलीय ना, या फलकावर मृत व्यक्तींची नावे व छायाचित्रे असू शकतात."

"असू शकतात? छापलंत तुम्ही आणि तुम्हालाच खात्री नाही?"

"समितीनं ठरवलं."

"समितीत तिचा मुलगा आहे?"

"नाही. पण आम्ही सगळ्यांनी तुमच्या चालीरीतींचं प्रशिक्षण घेतलंय."

"कुणाकडून?"

प्रॅटबाईंचा आवाज खाली आला. "तुमच्याकडूनच, मावशी."

एल्सींनी कपाळाला हात लावला. "मग आम्ही तुम्हाला कुमंजाय का म्हणतो, कधी विचारावंसं वाटलं नाही?"

"मला वाटलं, तुम्ही मला आपलं मानलंत."

"तुमचं नाव तिचं नाव आहे, बाई. ते तोंडात येऊ नये म्हणून म्हणतो."

प्रॅटबाईंनी बिल्ला मुठीत झाकला. मग म्हणाल्या, "दुसरा फलक छापून घेते. पण मग मजकूर परत समितीपुढे जाईल. नगराध्यक्षांना 'ठार मारले' आधीपासूनच खुपतंय. एकदा परत गेलं की ते शब्द राहायचे नाहीत."

एल्सींनाही ते ठाऊक होते. फलक परत पाठवावा, तर बहिणीने भांडून मिळवलेले शब्द जाणार. ठेवावा, तर उद्या शाळेची पोरे तिचे नाव मोठ्याने वाचणार, आणि तिचा मुलगा या पाणवठ्याकडे पुन्हा फिरकणार नाही. हिनेही मरायला हीच वेळ निवडली, असे मनात येऊन त्या बहिणीवरही चिडल्या.

"गाडीत चिकटपट्टी आहे?"

काळी, रुंद पट्टी निघाली. प्रॅटबाई ती फलकावर लावू लागल्या, आणि एल्सी झाडांकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"डोळे झाकले?"

"झाकले."

"हसू?"

"तेही."

"नाव?"

"झाकलं. बाजूला एक छोटीशी टीप लावू का, सुबक छापून?"

"टीप नको. कुणी विचारलं तर तोंडानं सांगा. आणि पट्टी कधी काढायची ते आम्ही ठरवू."

दुसऱ्या दिवशी बहिणीचा मुलगा आला. टोपी पुढे ओढून लांब झाडाखाली उभा राहिला, पण आला. नगराध्यक्ष फलक वाचू लागले. पट्टीपाशी थांबले, आणि सुटल्यासारखे होऊन पुढचे सगळे वाक्य गाळून थेट उंटांवर गेले.

"साहेब, एक ओळ राहिली," एल्सी खुर्चीतून म्हणाल्या.

"तिथं पट्टी आहे, मावशी. मला वाटलं–"

"पट्टी नावावर आहे. पुढचं उघडं आहे. वाचा."

नगराध्यक्षांनी प्रॅटबाईंकडे पाहिले. त्या जमिनीकडे बघत होत्या. मग त्यांनी ती ओळ पुटपुटल्यासारखी वाचली: या पाणवठ्यावर पोलिसांनी व गुरांच्या मालकांनी आमच्या माणसांना ठार मारले.

"मागच्या पोरांना ऐकू आलं नाही," एल्सी म्हणाल्या.

दुसऱ्यांदा त्यांनी ती झाडाखालपर्यंत पोचेल एवढ्या मोठ्याने वाचली.