हाताला लागणारा आवाज

साथ आली आणि वाचोपचार करणाऱ्या बाईंचं काम बंद पडल्यात जमा झालं. सगळं काम तोंडाचं, आणि तोंडावर आता मास्क. एरवी त्या रुग्णाच्या गळ्यावर दोन बोटं टेकवून आवाज शोधायच्या. आता स्वयंपाकघरातल्या डब्याला मोबाइल टेकवून "आ करा" म्हणायच्या. एखादा रुग्ण गेल्याचं कळलं की "बरं" म्हणून पुढचा फोन लावायच्या. रडू यायचं नाही. काहीच यायचं नाही.

मंगळवार भोंगाकाकांचा. कारखान्यात यंत्रांच्या वर आवाज चढवायचे, म्हणून सोबत्यांनी ठेवलेलं हे नाव. अर्धांगवायूनंतर भोंगा मुका झाला होता. कळायचं सगळं, बोलता काही यायचं नाही. गळ्यावर बोटं ठेवायचं काम आता काकूंकडे आलं. पहिल्या दिवशी त्या लाजल्याच. "गळा धरावासा खूपदा वाटला हो, पण धरला कधी नव्हता!"

काका आ लांबवायचे. बाईंना पडद्यावर उघडं तोंड दिसायचं, ऐकू काही यायचं नाही.

"येतोय हो बाई, हाताला लागतोय," काकू म्हणायच्या.

"नाही काकू. नुसता श्वास आहे तो."

आशेपोटी माणसाला काय काय भासतं, हे बाई पाहून चुकल्या होत्या. दर वेळी काकांच्या देखत त्यांनी हेच सांगितलं. शेवटी काकांनी तोंड उघडणंच सोडलं. त्यातच वरून फर्मान आलं, ज्यांच्यात सुधारणा नाही त्यांचे फोन थांबवा. पुढचा मंगळवार शेवटचा, असं बाईंनी कळवून टाकलं.

रविवारी बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. बोलता बोलता बहिणीने मिक्सर लावला. भांडं थरथरताना दिसत होतं, आवाज मात्र नाही.

"चालू आहे का गं तो?"

"कान किटले माझे, आणि चालू आहे का विचारतेस! हे ॲप एकसुरी आवाज गाळून टाकतं गं, गोंगाट समजून."

"ठेवते," म्हणून बाईंनी फोन पालथा घातला. काकांचा फोनही ह्याच ॲपवर, आणि त्यांचा आ एकसुरीच तर होता.

मंगळवारी त्यांनी इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. "काका, तुमचा आवाज येत होता. फोन गाळत होता. काकू खरं सांगत होत्या, मी मानलं नाही. चूक माझी. मंगळवार चालू राहील, मी वर बोलले आहे." बोलताना रडू येईल असं त्यांना वाटलं होतं. आलं नाही.

काका भिंतीकडे बघत बसले. काकूंनी बोटं पुढे केली तशी त्यांनी मान फिरवली.

"राहू द्या बाई, आज मनात नाही ह्यांच्या."

बाईंनी फोन ठेवला नाही. शेवटी काकांनी धड हाताने काकूंचं मनगट धरलं, त्यांची बोटं स्वतःच्या गळ्यावर टेकवली आणि तोंड उघडलं.

फोनमधून काहीच आलं नाही. बाईंनी काकूंच्या बोटांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. काकूंनी होकारार्थी मान हलवली.

"आला, काका," त्या म्हणाल्या. "अजून लांबवा."